मिम्मोचे डोळे

“मावशी, खिडकी!” खालून कॉफीवाल्या उगोने हाक दिली. “माणसं आलीत.”

इम्माने अर्धवट शिवलेला हातमोजा मांडीवर टाकला आणि खिडकीच्या दोन्ही झडपा ओढून घेतल्या. घरात अंधार झाला. बाहेर भिंतीवर रंगवलेल्या मिम्मोला मात्र डोळे मिळाले.

नेपल्सच्या त्या गल्लीत फुटबॉलपटू मिम्मोला देवाखालोखाल मान. गुडघा फुटला असताना गोल मारून तो मैदानातच कोसळला होता, सोबत्यांनी उचलून नेला होता. गल्लीच्या चर्चमध्ये क्रुसावरून उतरवलेल्या ख्रिस्ताचं जुनं चित्र आहे. एका चितारी पोराने मिम्मोला तसाच्या तसा, सोबत्यांच्या हातांवर लोंबकळता, इम्माच्या इमारतीच्या भिंतीवर पाच मजले उंच रंगवला. फक्त डोळे उघडे ठेवले, कारण गल्लीने बजावलं होतं, आमचा मिम्मो मेलेला दिसता कामा नये. ते डोळे नेमके तिसऱ्या मजल्यावर, इम्माच्या झडपांच्या बाहेरच्या अंगावर आले; झडपा मिटल्या तरच ते दिसायचे.

परवानगी दिली होती तिच्या नवऱ्याने. आनिएल्लोने कातडी कमावण्याच्या कारखान्यात फुप्फुसं घालवली होती, पण मिम्मोचं नाव निघालं की त्याला बळ यायचं. “माझ्या घरावर त्याचे डोळे! आणखी काय पाहिजे माणसाला?” चित्र बघायला माणसं येतील तेवढा वेळ झडपा बंद, असा शब्द त्याने सगळ्या गल्लीसमोर दिला. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो त्यांच्या घरात दिवसभर असायचा.

आता जुलै होता, तिकडचा ऐन उन्हाळा. आनिएल्लो खाटेवर उशांना टेकून श्वास ओढत होता.

“जरा उघडते,” इम्मा म्हणाली. “हवा तरी येईल.”

“नको. त्याचे डोळे जातील.”

“तुझा जीव जायची वेळ आलीय, आणि तुला त्याचे डोळे दिसतायत?”

“शब्द दिलाय, इम्मा.”

तिला त्याचा राग आला, मिम्मोचा त्याहून आला. तो कुठल्या तरी समुद्रकाठच्या बंगल्यात सगळ्या खिडक्या उघड्या टाकून झोपला असेल. या भिंतीकडे तो एकदाही फिरकला नव्हता. तिने पुठ्ठा घेतला आणि नवऱ्याला वारा घालत बसली. खाली माणसं टाळ्या वाजवत होती.

त्या टाळ्यांतच कधीतरी आनिएल्लोचा श्वास थांबला. वारा घालणारा हात थोडा वेळ तसाच चालू राहिला.

मग ती उठली. माणूस गेला की खिडकी उघडायची, आत्म्याला वाट द्यायची, हे तिला आईने शिकवलं होतं. तिने दोन्ही झडपा भिंतीला आपटेपर्यंत उघडल्या.

खाली एकच कालवा झाला. कोणीतरी शिट्टी मारली.

“मावशी, काय करताय?” उगो ओरडला. “लांबून आलीत माणसं, फोटो काढायचेत. बंद करा.”

“आनिएल्लो निघालाय,” ती म्हणाली. “त्याला आधी जाऊ दे.”

उगोने डोक्यावरची टोपी काढली आणि क्रुसाची खूण केली. पाहुण्यांना यातलं काही कळलं नाही. मिम्मोच्या चेहऱ्यात डोळ्यांच्या जागी एक म्हातारी उभी होती. एकाने मोबाइल वर धरला आणि दुसऱ्या हाताने तिला खूण केली, जरा बाजूला व्हा.

ती झाली नाही.