वजनाचा भाव, हौसेचा भाव

धाकटी दुकानाशी पोचली तेव्हा बाहेर पायरीपर्यंत माणसं उभी होती. सोन्याचा भाव आकाशाला भिडल्यापासून नाणेवाल्या काकांकडे असंच चाललं होतं. कुणी आजीचं कानातलं मोडायला आणायचं, कुणी तरुणपणी जिंकलेलं पदक. नाणी जमवणारे जुने शौकीन गर्दीला कंटाळून यायचेच बंद झाले होते.

काकांनी तिला गर्दीतूनही ओळखलं. "आचाऱ्याची धाकटी ना तू? आत येऊन बस."

तिचे वडील मालवाहू जहाजावर आचारी होते. प्रत्येक सफरीच्या पगारातून ते एक सोन्याचं नाणं घ्यायचे, संसाराला आधार म्हणून. शिवाय बंदरातल्या बाजारात हिंडून चित्रविचित्र जुनी नाणी घ्यायचे, ती मात्र निव्वळ हौस. त्यात ठसा दोनदा बसल्याने दोन नाकं झालेला एक राजा होता. वेढ्यात अडकलेल्या गावाने चांदीचे चमचे कापून पाडलेलं चौकोनी नाणं होतं. आठ वर्षांपूर्वी वडील गेल्यावर दोघी बहिणी सगळं घेऊन काकांकडे आल्या होत्या. काकांनी दोन दिवस खपून किंमत केली. सोनं एका बाजूला, हौसेची नाणी दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही पारडी जवळजवळ सारखी. थोरलीने सोनं घेतलं, धाकटीने हौस. कुणी तोंड वाकडं केलं नाही.

आता धाकटीच्या बेकरीची भट्टी बंद पडली होती. दुरुस्त करणाऱ्याने आत डोकं घालून बघितलं आणि नवीनच घ्या म्हणून सांगितलं. उसनी भट्टी वापरून ती कसेबसे पाव भाजत होती. तिने डबा काकांसमोर उघडला.

"सगळं विकायचंय, काका. सोनं एवढं वाढलंय, तर हेही वाढलं असेल ना?"

काकांनी डबा जवळ ओढला. एकेक नाणं कडेने धरून उजेडात फिरवलं, मग डबा अलगद पुढे सरकवला.

"तुला खोटं सांगत नाही. हे आहे तिथंच आहे. उलट जरा उतरलंय म्हण."

"ते कसं काय?"

"सोन्याचं नाणं म्हणजे आता नुसतं सोनं. त्यावर कुणाचं डोकं आहे हे कुणी बघत नाही, काट्यावर टाकलं की भाव ठरला. तुझ्या नाण्यांमध्ये धातू जेमतेम आहे. त्यांची किंमत ती दुर्मीळ म्हणून, आणि ती देणारा कुणी हौशी माणूस असला तर. त्या हौशी माणसांनीसुद्धा पैसा सोन्यात घातलाय सध्या." त्यांनी सात-आठ झिजलेली चांदीची नाणी बाजूला काढली. "ही तेवढी वाढलीत. पण चांदी म्हणून. जमवणाऱ्यापेक्षा आटवणारा जास्त देईल."

"म्हणजे वितळवणार?"

"हो."

धाकटीने ती नाणी उचलून परत डब्यात टाकली. "आणि ताईचं?"

काकांची नजर बाहेरच्या फळ्याकडे गेली; सोन्याचा भाव तिथे लिहिलेलाच होता. गुणाकार काही अवघड नव्हता. आठ वर्षांपूर्वी सारखी असलेली पारडी आता तिपटीने कलली होती.

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "तुम्ही सारखी वाटणी केली म्हणाला होतात."

"त्या दिवशी सारखीच होती, बाळ."

त्यानंतर धाकटीने थोरलीचे फोन घेणं सोडलं. भांडण नव्हतं, कारणही सांगितलं नव्हतं. फोन वाजायचा आणि तिचे हात नेमके पिठात असायचे.

थोरली शाळेत गणित शिकवायची. उत्तर सापडेपर्यंत तिला झोप यायची नाही. भट्टीचं तिला धाकटीच्या मुलाकडून कळलं आणि उरलेलं तिने मनातच सोडवलं. शाळा सुटल्यावर ती तडक काकांकडे गेली.

"ती आली होती ना?"

"आली होती."

"मग असं करा. माझी थोडी नाणी मोडा आणि ते पैसे तिला द्या. सांगा, गिऱ्हाईक मिळालं, चांगला भाव आला. मी मध्ये आहे हे कळू द्यायचं नाही."

काकांनी चष्मा काढून पुसला. आचाऱ्याच्या दोन्ही मुलींबद्दल त्यांना माया होती, आणि ही बाई जे मागत होती ते चांगल्या मनाने मागत होती.

"पोरी, या खुर्चीवर बसून मी खोटा भाव कधी सांगितला नाही. चढा नाही, उतरता नाही. आज तिच्या भल्यासाठी सांगितला, तर उद्या ती माझ्या कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवेल? तूच का नाही बोलत तिच्याशी?"

"ती फोन घेत नाही."

"पाय आहेत ना तुला."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली बेकरीत पोचली. पाव कधीच संपले होते, धाकटी रिकामे ट्रे घासत होती. बंद पडलेली भट्टी कोपऱ्यात दार वासून उभी होती. थोरलीने सोन्याचा डबा टेबलावर, सांडलेल्या पिठातच ठेवला.

"पुन्हा वाटणी करू. आजच्या भावाने."

धाकटीने वर बघितलं नाही. "माझी नाणी वाढली असती, तर मी तुझ्या दारात आले असते का डबा घेऊन?"

"नसतीस आली."

"मग?"

"मग काय. तू लहानपणापासून अशीच आहेस. मी तुझ्यासारखं वागावं असा काही नियम आहे का?"

धाकटीला हसू आलं, पण तिने ते दाबलं. ट्रे भिंतीला टेकवून ती समोर बसली. "ताई, तुला सोनंच का हवं होतं? तेव्हा विचारलं नाही मी."

थोरलीने बोटाने पिठात रेघ ओढली. "बाबा यायचे तेव्हा तू त्यांच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकायचीस. ते नसायचे तेव्हा आई आणि मी घरमालकासमोर उभ्या असायचो. मला त्यांच्या गोष्टींचा राग यायचा. दोन नाकांच्या राजाने भाडं भरलं जात नाही, असं वाटायचं. सोनं मात्र त्यांनी आमच्यासाठी ठेवलं होतं. म्हणून तेच घेतलं."

हे धाकटीला माहीत नव्हतं. तिच्या आठवणीत बाबा म्हणजे खिशात खुळखुळणारी नाणी आणि हसू. घरमालक त्यात कुठेच नव्हता.

"फुकट मी काही घेणार नाही," ती शेवटी म्हणाली. "फुकट घेतलं तर मी आयुष्यभर तुझ्यासमोर मान खाली घालीन, आणि तेही तुला आवडणार नाही. त्यापेक्षा माझ्यातली काही नाणी विकत घे. सोनं देऊन. काका सांगतील त्या भावाने, एक पैसा वर नाही."

"चालेल."

काकांनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. डबे शेजारी शेजारी ठेवले. भट्टीला लागेल एवढं सोनं एका बाजूला काढलं आणि थोरलीला आधीच बजावलं, "सोनं तुला उद्यासुद्धा मोडता येईल. हे विकायला गेलीस तर गिऱ्हाईक मिळायला वर्ष लागेल. एवढं मात्र खरं, सोन्याच्या बदल्यात ही नाणी इतकी स्वस्त मी कधी बघितली नाहीत. बघ बाई, हिशेब तुझा तू कर."

"केलाय," थोरली म्हणाली. मग धाकटीला म्हणाली, "कुठली घेऊ? मला यातलं एकही ओळखू येत नाही."

धाकटी एकेक नाणं तिच्या तळहातावर ठेवत सांगायला लागली. हे बाबांनी मासळीच्या बाजारात घेतलं, विकणारी म्हातारी बहिरी होती आणि घासाघीस सगळी बोटांवर झाली. हे घेतलं तेव्हा जहाज सुटायला आलं होतं, ते ॲप्रनवरच धावले. चमच्याचं चौकोनी नाणं हातात आल्यावर थोरलीने विचारलं, "उपाशी गावाला नाण्यांचं काय काम?"

"मीही हेच विचारलं होतं. बाबा म्हणाले, सैनिकांना पगार द्यायचा होता. पगार थांबला की माणूस तटावर उभा राहत नाही."

"म्हणजे बाबांना हे कळत होतं तर," थोरली हळूच म्हणाली, आणि ते नाणं तिने स्वतःकडे ठेवून घेतलं.

नवी भट्टी आठवड्याभरात बसली. पहिल्या खेपेचे पाव एका बाजूने करपले, तरी धाकटीने त्यातले चांगले निवडून ताईकडे पाठवले. रविवारी दुपारी ती स्वतःही जाऊ लागली, कारण उरलेल्या गोष्टी फोनवर नीट सांगता येत नव्हत्या.

सोनं त्यानंतरही चढतच राहिलं. एकदा थोरली दुकानासमोरून जात असताना काकांना राहवलं नाही. दिलेल्या सोन्याचे आज किती झाले असते, ते त्यांनी सांगून टाकलं.

थोरलीने फळ्याकडे बघितलं, मनातल्या मनात गुणाकार केला आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"बरं झालं, सगळं नव्हतं दिलं," ती म्हणाली आणि घरी गेली.