बाजूला सारलेली बाटली

नंदाबाईंनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला आणि मोबाइल कल्याणसमोर धरला.

"हा तूच हायेस न?"

कल्याणनं मान हलवली. परराज्यातली जनसुनावणी होती ती. जमिनीखाली दोन किलोमीटरवरचा खडक फोडायचा, त्यात दाबानं पाणी आणि रसायनं सोडायची आणि अडकलेला वायू वर काढायचा, असा त्याच्या कंपनीचा प्रकल्प. गावकरी म्हणत होते, पाणी नासलं. कंपनी म्हणत होती, पुरावा दाखवा. कंपनीकडून बोलायला कल्याण बसला होता. एवढ्यात एक म्हातारी पुढे आली आणि तिनं आपल्या हापशाच्या पाण्याची बाटली त्याच्यापुढे ठेवली. ती काय म्हणाली ते गोंगाटात ऐकू येत नव्हतं. कल्याणनं हसून पेनाच्या टोकानं बाटली बाजूला सारलेली तेवढी स्पष्ट दिसत होती.

त्यांच्या गावात, आष्टीत, सकाळपासून हा व्हिडिओ फिरत होता. शेजारच्या कारभारीनं तर 'आपला कल्याण' म्हणून कौतुकानं पाठवला होता.

"त्या बाईनं पाणी दिल्तं तुला," नंदाबाई म्हणाल्या. "तू हात बी लावला न्हाईस."

"आई, तिथं गडबड होती..."

"खालच्या जातीची होती का? म्हणून घेतलं न्हाई?"

कल्याणचे कान तापले. त्या हापशाच्या पाण्याचा तपासणी अहवाल तीन दिवस आधीच त्याच्या हाती आला होता. सुनावणीत तो त्यानं बॅगेतून बाहेर काढलाच नाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला. आईचा समज त्यानं तसाच राहू दिला. खऱ्या गोष्टीपेक्षा त्या घटकेला तो आरोपही हलका वाटला.

नंदाबाई उठल्या. टोपलीतल्या चांगल्या मोसंब्या निवडून पिशवीत भरू लागल्या.

"सोमवारी कामावर परत जाशील तवा तिच्या घरी जा. हे दे, अन् तिच्या हातचं पाणी पिऊन ये. चांगलं तांब्याभर."

कल्याण पिशवीचं तोंड धरून उभा होता. पिशवी अर्धी भरली तसं त्यानं ते मिटलं.

"आई, ते पाणी पिण्यासारखं न्हाई."

"म्हंजी?"

"खराब झालंय. आमच्या कामामुळं. मला ठाऊक होतं तवाच."

नंदाबाईंच्या हातातली मोसंबी हातातच राहिली. त्यांनी एकदा मोबाइलकडं पाहिलं, मग मुलाकडं.

"मंग ती काय पेती रे?"

कल्याणनं ते कधी कुणाला विचारलंच नव्हतं.