आजोबांना नव्या घरी नेणारं मडकं

मी एक जुनं मडकं आहे. किती जुनं, असं मात्र विचारू नका मित्रांनो, कारण ते मलाच नीट ठाऊक नाही. आमच्याकडे मडकं घडवायला नुसती माती चालत नाही. ती भाजताना तडकते. म्हणून घरातलं एखादं फुटलेलं मडकं कुटून त्याची भरड मातीत मिसळतात. त्या फुटक्या मडक्यात त्याच्याही आधीच्या मडक्याची भरड असते. तेव्हा माझं वय मोजायचं कुठून, ते तुम्हीच सांगा.

मला घडवलं दोब्रावाने, तिकडे उत्तरेला, प्रिप्यात नदीच्या दलदलीत. आमच्यात कुणाकडे चाक नव्हतं, सगळं हातानेच. त्यामुळे मी डावीकडे जरा कललेलं आहे. अंगावर रंग नाही, नक्षी नाही. दोब्रावा तेव्हा नवी नवरी होती. तिच्या सासूने मला पाहिलं आणि म्हणाली, "हे मडकं आहे की दमून बसलेली म्हातारी?" सगळे हसले. दोब्रावाचे डोळे भरून आले, पण तिने मला मोडलं नाही. त्या दिवसापासून माझा सगळा जीव तिच्यावर.

आमचं घर अर्धं जमिनीच्या आत. कोपऱ्यात दगडांची चूल, चुलीच्या कडेला मी. रोज माझ्यात वरीची पेज रटरटायची. माझं खरं काम मात्र दर काही वर्षांनी यायचं. जंगल जाळून केलेलं शेत थकलं की सगळी वाडी उठायची आणि दक्षिणेकडे सरकायची. तेव्हा जुन्या चुलीतले निखारे राखेत घालून माझ्या पोटात ठेवत. चुलीत घराची राखण करणारे, डोळ्यांना न दिसणारे आजोबा राहतात ना! त्यांना मागे एकटं कसं सोडायचं? घरातली बाई मला कवेत घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायची आणि वाटभर हाक मारायची, "चला आजोबा, नवं घर झालंय, तुमची जागा केलीय." तिने मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर आजोबा रुसून परत फिरतात. आणि आजोबांना फक्त आमचीच बोली कळते, असं सगळे मानत. आम्ही स्वतःला शब्दवाले म्हणायचो. ज्यांचं बोलणं आम्हाला कळत नसे, ते सगळे मुके! आमचा तोरा असा होता.

असं सरकत सरकत आम्ही दुनाव, म्हणजे तुमच्या डॅन्यूब, नदीजवळ आलो. एव्हाना दोब्रावाच्या केसांत पांढरं आलं होतं. तिचा मुलगा वोइमीर इतर पुरुषांबरोबर नदीपलीकडे रोमच्या मुलखात लुटीला गेला आणि येताना एका रोमी मुलीला धरून घेऊन आला. सतरा वर्षांची असेल. हे चांगलं केलं नाही, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. तिचं नाव सेवेरा. तिने छातीशी एक तांबडं वाडगं घट्ट धरलेलं होतं. तिच्या आईचं. चाकावर घडवलेलं, पातळ, गुळगुळीत, कुठे अंगठ्याचा ठसासुद्धा नाही. खोटं कशाला बोलू, मी जळून खाक झाले.

सेवेरा तीन महिने एक अक्षर बोलली नाही. वाडीने तिचं नाव ठेवलं मुकी. मग एक दिवस पेज उतू गेली आणि ती ओरडली, "मावशी, धाव!" तेव्हापासून तिचं तोंड मिटलं नाही. मडक्याशी बोलायची, शेळीशी बोलायची, पावसाशी भांडायची. स्वर वेडेवाकडे, पण बोली आमचीच. नाव मात्र मुकीच राहिलं.

पुढच्या वर्षी वोइमीर पुन्हा नदीपलीकडे गेला, तो आलाच नाही. दोब्रावा दोन दिवस चुलीसमोर बसून होती. सेवेराने पेज केली, ती खाली करपली, तरी दोघींनी मुकाट्याने खाल्ली. मग घरात त्या दोघीच उरल्या.

आता आमची एक रीत सांगते. धरून आणलेला माणूस आमच्यात जन्मभर बांधलेला नसतो. दर वसंतात दाराच्या खांबावर एक खाच पाडायची. सात खाचा झाल्या की तो मोकळा. वाटलं तर आपल्या गावी जावं, वाटलं तर आमच्यातलाच एक होऊन राहावं. फक्त त्याला कुणी "राहा" म्हणायचं नाही. म्हटलं तर ते पुन्हा बांधल्यासारखंच होतं.

सातवा वसंत आला. दोब्रावा सुरी घेऊन खांबापाशी गेली, खूप वेळ उभी राहिली आणि खाच न पाडताच आत आली. सुरीने कांदे चिरायला बसली. कांद्यांमुळेच डोळ्यांत पाणी आलंय, असं तिने शेळीला सांगितलं. मी सगळं पाहिलं. बोलता येत असतं तरी मी चुगली केली नसती, कारण मलाही मुकी हवी होती.

पण लबाडी वर्षभरच पुरली. पुढच्या वसंतात वाडी उठायची ठरली आणि वाडीतला वडीलधारा माणूस ल्युतोबोर घरोघर फिरत आला. जुनं घर सोडण्याआधी खांब तपासायची पद्धत आहे. त्याच्यासमोर दोब्रावाला खाच पाडावीच लागली. "सात," तो म्हणाला. "मुकी, तू मोकळी."

सेवेराने तांबडं वाडगं फडक्यात बांधलं. दोब्रावा काही म्हणू शकत नव्हती. तिने ओठ असे आवळून धरले होते की मलाच गुदमरल्यासारखं झालं.

त्यात दुसरी अडचण. दोब्रावाचे गुडघे गेले होते, तिला बैलगाडीतून न्यावं लागणार होतं. मग निखारे नेणार कोण?

"माझ्या सुनेला पाठवतो," ल्युतोबोर म्हणाला. "मुकीच्या हाकेला आजोबा ओ देणार नाहीत."

"तुझी सून वाटेत दहादा मागे वळून बघेल," दोब्रावा म्हणाली. "तिला तर शेजारणीच्या मडक्यात काय शिजतंय तेही बघितल्याशिवाय चैन पडत नाही."

"मी नेते," सेवेरा म्हणाली. "मावशीची चूल लावून देते आणि मग नदीकडे निघते."

झालं. सकाळी मला कवेत घेऊन ती निघाली. पाठीवर वाडग्याचं गाठोडं, माझ्या पोटात निखारे. "चला आजोबा, नवं घर झालंय," ती हाक मारत होती. थोड्या वेळाने तिने आपल्या मनाचंही घालायला सुरुवात केली. "इथे चिखल आहे हो, जपून. ही चढण आहे, दम खा. तुमची दोब्रावा गाडीत आहे, काळजी नको." मागून बायका फिदीफिदी हसत होत्या. पण मित्रांनो, इतकी वर्षं मी आजोबांना नेत आले, त्यांचे पाय दुखत असतील हे याआधी कुणालाच सुचलं नव्हतं.

दुपारी ओढा लागला. तिच्या पायाखालचा धोंडा फिरला, ती गुडघ्यावर आपटली आणि मी खडकावर. तोंडापासून बुडापर्यंत मला तडा गेला. पाणी आत शिरलं. निखारे चुर्रर्र करत विझू लागले. दोब्रावाच्या सासूच्या, आजेसासूच्या चुलीपासून चालत आलेला तो विस्तव! मागे वळून मदत मागता येत नव्हती. सेवेराने गाठोडं सोडलं, आईचं तांबडं वाडगं काढलं आणि नुसत्या बोटांनी उरलेले तीन निखारे त्यात ठेवले. बोटं पोळली. मग तड्यावर दुभंगलेले माझे दोन्ही तुकडे काखेत घेऊन ती पुढे चालू लागली. "चला आजोबा, जागा बदलली फक्त. बसा नीट." मला तिथेच टाकून जाता आलं असतं तिला. पण तिने टाकलं नाही.

नव्या घरी ल्युतोबोरने कपाळाला हात लावला. "आजोबा परक्यांच्या वाडग्यात? ते केव्हाच उतरून परत गेले असतील!"

गाडीतून उतरत दोब्रावा म्हणाली, "ल्युतोबोर, तूही म्हातारा झालास. तुला कुणी इतक्या मायेने नेऊ दे, मग बघू आपण कशात बसलोय ते तू बघतोस का."

सेवेरा चुलीपुढे गुडघे टेकून फुंकू लागली. धूर झाला, विरला. दुसऱ्यांदा फुंकलं, नुसती राख उडाली. तिसऱ्यांदा बर्च झाडाच्या सालीची कड लाल झाली आणि जाळ धरला. ल्युतोबोर टोपी काढून उभा राहिला. तेवढ्यात आवाज आला. निखाऱ्यांच्या धगीने तांबडं वाडगं दुभंगलं होतं.

दोब्रावाने चुलीकडे तोंड वळवलं. "उजेड आहे तोवर निघ, पोरी. नदी लांब आहे."

सेवेरा हलली नाही. वाडग्याचे तुकडे हातात घेऊन म्हणाली, "मावशी, शेवटची खाच गेल्या वर्षीच पडायला हवी होती. मला मोजता येतं."

दोब्रावाचा चेहरा पडला. मग तिने विचारलं, "मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"मी मुकी ना," सेवेरा म्हणाली.

दोघी हसायला लागल्या, आणि हसता हसता कधी रडायला लागल्या ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सेवेराने मला आणि त्या वाडग्याला एकाच दगडावर कुटलं, नव्या मातीत मिसळलं आणि मडकं घडवलं. ते डावीकडेच कललं. आता माझ्या अंगात तांबडे कण आहेत. ज्याचा मी इतका हेवा केला, ते वाडगं माझ्यातच आहे, आणि आमचं छान चाललं आहे.

त्यानंतर मी कितीदा फुटले, कितीदा घडले. सेवेराच्या हाताखाली शिकलेल्या मुली माझी भरड घेऊन कुणी दक्षिणेच्या डोंगरांत गेल्या, कुणी पश्चिमेच्या जंगलांत. आज त्यांच्या नातवंडांना एकमेकांची बोली धड कळत नाही म्हणतात. पण विस्तवाला, पाण्याला आणि आईला ती अजून जवळजवळ एकाच शब्दाने हाक मारतात.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं भांडं फुटलं तर लगेच उकिरड्यावर फेकू नका. आणि कुणी तुमच्या बोलीत वेड्यावाकड्या स्वरात हाक मारली, तर हसू नका, ओ द्या. आमच्या आजोबांनी दिली होती.