गोंदणातलं नाव

पाटीवर पेन्सिल किरकिरली आणि टोक मोडलं… ‘ल’ची शेपटी ओढता ओढता. जैतूनं बोटाला थुंकी लावून रेघ पुसली. पुस्तकात ‘लहान’ असा शब्द होता; तो बघून लिहायचा, एवढाच प्रौढ वर्गाच्या वंदनाबाईंनी दिलेला अभ्यास. ल… हा… न… पण हातानं आपणहून ‘न’ला वेलांटी दिली आणि हात थांबला. पुस्तकात हे नव्हतं. तरी हे जैतूनं पाहिलं होतं –

तानसा तळ्याच्या काठचा तो माणूस. बारा वर्षं झाली. गुरं पाण्यावर नेली तेव्हा गवतात पडलेला, गळ्याभोवती दोराचा काळा वळ, आणि पसरलेल्या डाव्या हातावर हिरवी नक्षी. चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून जैतू हाताकडेच बघत बसला होता. ओढ्याला पूर, पोलीस आले तिसऱ्या दिवशी. तोवर हातावरची कातडी राहिली नव्हती.

“काय गोंदलं होतं रे?” हवालदारानं विचारलं.

“मला काय ठावं सायेब? मी काय शाळंत गेलोय?”

सगळे हसले, जैतूही हसला, आणि त्यानं पंचनाम्यावर अंगठा उठवला. मारणारा सापडला नाही. मेलेला कोण, तेही कळलं नाही. खड्डा जैतूनंच खणला. तेव्हापासून शेजारच्या रेडिओवर हरवलेल्या माणसांची माहिती लागली, की तो हातातलं काम टाकून धावायचा – उंची, रंग, सदरा, हातावर अमुक नाव… नावं पुष्कळ ऐकली. त्यांतलं आपल्या माणसाचं कोणतं, हे कळायला ती नक्षी वाचता यायला हवी होती. कदाचित हे नाव येऊनही गेलं असेल… माझ्या कानांवरून…

“लहानी,” तो मोठ्यानं म्हणाला.

त्याची बायको गुणाबाई तांदूळ निवडत होती. “कोन ही लहानी? या वयात पाटीवर बायांची नावं लिवता? थांबा, सांगते तुमच्या बाईला.”

“तळ्यावरच्या त्या मान्साची हाय गो. त्याच्या हातावर होतं.”

सूप थांबलं. “बायको?”

“बायको, आय, लेक… काय ठावं.”

तिनं सूप खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, “तिला वाटत असंल, तो जिता हाय. ठाण्यात सांगाल, न् तिचं कुंकू पुसाल.”

खरंच होतं ते. आणि न सांगावं, तर ती आणखी बारा वर्षं दाराकडे बघत राहील, तेही खरं… जैतूला नातीएवढ्या वंदनाबाईची आठवण झाली. त्याची राठ बोटं मुठीत धरून ती वळणं गिरवून घ्यायची, “आजा, काना इसरलात,” म्हणून हसायची. तिचे पाय धरावेत असं त्याला वाटलं. आणि त्या माणसाचेही. उभ्या जन्मात जैतूला कुणी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या. या मेलेल्या माणसानं तेवढा लिहिलेला हात पुढं केला, आणि मी शिकेपर्यंत थांबला बिचारा… कुरकुर न करता…

शहापूरला ठाण्यात जायचं की नाही, ते त्याला ठरवता येईना. पण ती लहानी कुठल्या गावची असेल, एवढ्या उन्हात पाणी कुठून आणत असेल, तिच्याजवळ कुणी आहे का… घरचं माणूस लांब असावं, तशी त्याला तिची काळजी वाटू लागली.