इनामदाराच्या सुनेचा हिरवा रेझर

अभिनंदन मगदूमचा फायदा सरळ होता. घ्यायचं फुकट, विकायचं चाळीस हजारांना. मधला खर्च म्हणाल तर एक खोटी सून.

वस्तू होती बायकांचा सेफ्टी रेझर. परदेशी, प्लास्टिकच्या मुठीचा, साठेक वर्षांपूर्वीच्या बनावटीचा. असले रेझर जमवून त्यांची प्रदर्शनं भरवणारे लोक असतात हे अभिनंदनला मोबाइलवर कळलं. या बनावटीत गुलाबी आणि निळा ढिगानं मिळतात, फिका हिरवा मात्र दुर्मिळ, हेही तिथंच कळलं. आणि काकूंच्या ट्रंकेतला होता नेमका फिका हिरवा.

काकू म्हणजे सीताबाई. वय सदुसष्ट, गंगावेशीत पुतण्याच्याच घरात. कुणाचा म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "माझा." अभिनंदनचे कान लाल झाले. मगदुमांच्या घरातली बाई आणि वस्तरा! त्यानं पुण्याच्या राजवीर नावाच्या गिऱ्हाइकाला कळवून टाकलं, की रेझर एका इनामदारांच्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या सूनबाईंचा.

"रविवारी पाहुणे येतील, काकू. तुम्ही आत बसा. घराची अब्रू आहे."

"रेझर माझा आन् अब्रू तुझी व्हय?" काकू म्हणाल्या. पण बसल्या आत.

रविवारी राजवीरनं रेझर खिडकीपाशी धरला. "उन्हानं रंग फसवतात. गुलाबीचा बदामी होतो, निळ्याचा राखाडी. म्हणून रेझरचं डोकं फिरवून काढायचं आणि मुठीच्या आत बघायचं. उजेड पोचला नाही तिथला रंग खरा."

"उघडू नका, जुनं प्लास्टिक आहे, फुटेल," अभिनंदन घाईनं म्हणाला.

"बरं, मग सूनबाईंचा एखादा फोटो?"

"फोटो कुठला? फार लाजाळू हो त्या."

इथं पडदा बाजूला झाला.

"लाजाळू कोण रं?" सीताबाई दारातच उभ्या. "इनामदार न्हाय आन् त्याची सूनबी न्हाय. माझा हाय त्यो. उघडा वो पावणं, काय फुटत न्हाय. एक्याऐंशी साली श्रवणबेळगोळला मस्तकाभिषेकाला गेलतो, येताना बेंगळुरात घेतला. जावा साड्या बघत हुत्या, मी ह्यो बघितला."

"आणि... वापरलात?"

"मग काय त्यानं ओवाळू?"

राजवीरनं डोकं फिरवलं. मुठीच्या आत स्वच्छ आकाशी निळा.

"निळाच हुता की," काकू म्हणाल्या. "सासूबाई ट्रंका धुंडाळायच्या. म्हणून फडक्यात बांधून वर्साच्या हळदीच्या डब्यात खुपसून ठेवायची. त्या डब्यात हात घालायचं काम माझंच. त्या गेल्या, मग ट्रंकेत आणला."

निळ्यात हळद मुरली होती. दुर्मिळ हिरवा तो एवढाच.

"म्हणजे ती हळद आपण..." अभिनंदननं विचारलं.

"खाल्ली की. तुझ्या बारशालाबी तीच हुती."

राजवीर हसला आणि भावही उतरवला. "डागाळलेला निळा. आठशे देईन."

"चाळीस हजार घालवलेत, काकू!"

"माझं कुठलं गेलं? इनामदाराच्या सुनंचं गेलं. तिला जाऊन सांग." मग त्या राजवीरकडं वळल्या. "आठशेला द्यीन. पण तुम्ही प्रदर्शनात खाली चिठ्ठी लावता न्हवं? तिच्यावर माझं नाव पायजे. सीताबाई भूपाल मगदूम, गंगावेस, कोल्हापूर."

"नाव कशाला? लोक काय म्हणतील!" अभिनंदन ओरडलाच.

"म्हणत्याल ते मला म्हणत्याल. तुझी दाढी त्यानं केली न्हवती."

राजवीरनं तिथंच कार्ड लिहिलं. काकूंनी चष्मा लावून वाचलं आणि परत त्याच्या हातात दिलं. "'यांच्या संग्रहातून' काय? संग्रह न्हाय माझा. 'स्वतः वापरलेला' लिवा."

त्यानं खोडून तसं लिहिलं.

आता कुणी किती भरलं ते बघू. राजवीरनं आठशे, रोख, काकूंच्या हातात. अभिनंदननं राजवीरचं पुण्याहून जायचं-यायचं गाडीभाडं, कारण ते त्यानंच मोठेपणानं कबूल केलं होतं. सीताबाईंच्या नावावर पडलं ते असं: कार्डाचा फोटो मोबाइलवरून फिरत त्यांच्या भजनी मंडळात पोचला, आणि शेजारच्या दोघी जरा लांब सरकून बसल्या. सीताबाईंनी त्या जागेत ऐसपैस मांडी घातली.