बिनपाण्याचं इंजिन

बँकेतून निवृत्त झाल्यावर दुर्गा तायडेने पहिली खरेदी केली ती एका जुन्या जर्मन व्हॅनची. महूतल्या एका बंगल्यामागे ती कित्येक वर्षं पडून होती. इंदूरमध्ये परदेशीपुऱ्यातल्या घरासमोर क्रेनने उतरवली तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली. आत झोपायला फळी, छोटासा ओटा, खिडक्यांना पडदे असं सगळं करायचं आणि सांची, अजिंठा, बोधगया हिंडून यायचं, हा तिचा बेत होता. गाडी तीच चालवणार होती. नवरा बुद्धरत्न जन्मभर महूच्या लष्करी वर्कशॉपमध्ये होता, पण काचबिंदूमुळे त्याचं स्टिअरिंग सुटलं होतं.

गाडीचं इंजिन मात्र जाम झालेलं. ते मागच्या बाजूला होतं आणि हवेवर थंड होणारं होतं. रेडिएटर नाही, पाणी नाही. तेच दुरुस्त करायचं, की पाण्यावर थंड होणारं नवं बसवायचं, यावर घरात वाद पेटला.

"पाण्याचंच टाका," बुद्धरत्न म्हणाला. "माळव्यातली गर्मी आहे ही. त्यात घाट. भरलेली गाडी हवेवर थंड होते कुठे?"

मुलगी धम्मदीना पीथमपूरच्या कारखान्यात इंजिनिअर होती. ती म्हणाली, "बाबा, दोन्ही चालतात. पाण्याचं घाटात दम धरतं, पण रेडिएटर पुढे लावून इंजिनपर्यंत लांब पाइप न्यावे लागतील. हवेचं सिंपल आहे, फक्त त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. जो चालवणार त्याने ठरवावं."

दुर्गाने लगेच काही ठरवलं नाही. रविवारी धम्मदीना जुनं इंजिन खोलायला बसली, तेव्हा दुर्गा स्टूल घेऊन शेजारी बसली आणि एकेक भाग विचारत राहिली. हा पंखा, हा त्याचा पट्टा. इंजिन फिरलं की पंखा फिरतो, आणि त्याची हवा सिलिंडरवरच्या पातळ पात्यांमधून जाते.

"हे मला समजतं," शेवटी ती म्हणाली. "हेच ठेवू."

"समजतं म्हणून ठेवायचं?" बुद्धरत्न चिडला.

"अहो, रस्त्यात बंद पडली तर मलाच बघावी लागेल ना?"

तो दोन दिवस फक्त कामापुरतं बोलला.

गाडी तयार झाल्यावर दोघं आधी महेश्वरला गेली. जाताना उतारच होता. परतताना जाम नावाच्या घाटाचा चढ लागला, आणि ऊन असं की डांबर पातळ झालेलं. दुर्गाने दुसरा गिअर टाकला.

"तिसऱ्यात ठेव," बुद्धरत्न म्हणाला. "कशाला उगाच इंजिन ओरडवतेस?"

तिने तिसरा टाकला. गाडी कण्हत, हळूहळू चढू लागली. थोड्याच वेळात ऑइलच्या तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकला. दुर्गाने गाडी कडेला घेतली आणि मागचं झाकण उघडलं. आतून तव्यासारखी धग आली.

"मी म्हणालो होतो," बुद्धरत्न म्हणाला. "पाण्याचं असतं तर ही वेळच आली नसती."

मागून येणारी जीप थांबली. ड्रायव्हर पाण्याचा कॅन घेऊनच उतरला. "आंटीजी, हटो जरा, पानी मारता हूँ."

त्याने कॅन तिरका केला, तेवढ्यात दुर्गाने त्याचं मनगट पकडलं. "भिया, एक बूँद नहीं! गरम लोहा है, तड़क जाएगा."

"बिना पानी के कैसे ठंडा होगा?"

"हवा से."

तो हसला. दुर्गाला राग आला, पण तोंडून निघालेल्या 'हवा' या शब्दावर ती स्वतःच अडखळली. तिने पंख्याच्या पट्ट्यावर बोट दाबून पाहिलं. पट्टा ठीक होता.

"अहो," ती हळू म्हणाली, "पंखा इंजिनवर फिरतो. तिसऱ्यात इंजिन सावकाश फिरत होतं, म्हणजे पंखाही सावकाश. जास्त हवा पाहिजे तेव्हाच आपण कमी दिली."

बुद्धरत्न झाकणात वाकून पंख्याकडे बघत राहिला. "पाण्याच्या इंजिनांची सवय," तो पुटपुटला. "बरोबर आहे तुझं."

इंजिन निवल्यावर तिने ऑइल तपासलं आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये काढली. इंजिन मोठ्याने घुमत होतं. बुद्धरत्न एकदाही 'ओरडतंय' म्हणाला नाही. चष्मा वर करून, काट्याजवळ तोंड नेऊन तो सांगत राहिला, "आहे तिथेच आहे... आहे तिथेच..." वळणामागून वळण गेलं. घाटमाथ्यावरचा जुना दरवाजा दिसला तेव्हा काटा हिरव्या पट्टीत होता. दुर्गाच्या पाठीला ब्लाउज चिकटला होता, आणि आपण एकटीच हसतोय हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"इंदूरला सरळ नको," बुद्धरत्न म्हणाला. "महूत वळव."

"आता? कशाला?"

"वळव तर."

वर्कशॉपमधल्या जुन्या सोबत्यांच्या गल्लीत त्याने गाडी थांबवायला लावली आणि उतरून एकेकाचं दार वाजवलं. "जय भीम! बाहेर या, काही दाखवायचंय." बनियनवरची म्हातारी मंडळी जमली. कुणी टायरला लाथ मारून बघितली, कुणी मागचं झाकण उघडलं.

"बिनपाण्याचं? जाम घाट चढलं? कसं काय, बुद्धरत्न?"

बुद्धरत्न बाजूला झाला. "मला काय विचारता? इंजिन हिने निवडलं, घाट हिने चढवला. मी तर उलटंच सांगत होतो."

सगळे दुर्गाकडे वळले. तिने पदर खोचला, पंख्याकडे बोट दाखवलं आणि सांगायला सुरुवात केली.