आयत्यावर सुकलेली ग्रंथी

मी अधिवृक्क ग्रंथी बोलतेय. नाव अवघड आहे, पण बसायची जागा सोपी: मूत्रपिंडाच्या डोक्यावर, टोपीसारखी. आम्ही दोघी बहिणी. ती उजवीकडे, मी डावीकडे.

माझा धनी कोट शिवणारा शिंपी. सगळे त्याला मास्तर म्हणतात. लहानपणी कुत्रं अंगावर आलं, तेव्हा मी रक्तात ॲड्रेनलिन सोडलं आणि तो भिंतीवर चढला. श्रेय पायांना मिळालं. पण माझं रोजचं काम याहून नीरस. मेंदूच्या बुडाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी पहाटे निरोप धाडायची आणि मी कॉर्टिसॉल पाठवायचे. त्यावर रक्तदाब टिकायचा, रक्तातली साखर टिकायची, आजारपण सोसायचं बळ यायचं. थायरॉइड आणि स्वादुपिंड बिघडले की लोक त्यांची नावं तरी घेतात. मी बिघडले तरी माझं नाव कुणाच्या तोंडी येत नाही.

मग मास्तरच्या बोटांचे सांधे सुजले. सुईत दोरा ओवेना, कात्री धरवेना. डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. त्या म्हणजे माझंच काम, बाहेरून तयार होऊन आलेलं. बोटं पुन्हा चालू लागली. पण आयतं मिळतंय म्हटल्यावर पीयूष ग्रंथीने निरोप धाडणं बंद केलं. वर्षानुवर्षं मला कुणी विचारलं नाही. मी आळशी झाले की मला आळशी केलं गेलं, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. खरं एवढंच की मी सुकत गेले.

गोळ्यांनी त्याचा चेहरा गरगरीत झाला, पोट सुटलं. मुलीच्या लग्नासाठी स्वतःकरता शिवलेल्या कोटाचं बटण लागेना. बायको म्हणाली, शिवणीत कापड सोडलंय ना, मग उसवून सैल करा. त्याला ते पटेना. नीट बेतलेल्या कोटाला उसवू नये, असं तो जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आला होता.

"कोट सैल करायचा नाही. माणूसच आत घ्यायचा."

"मग स्वतःलाच टीप मारून घ्या."

दोघंही हसली. त्या दिवसापासून तो रोज पट्टीतून गोळी काढायचा आणि गुपचूप बेसिनमध्ये टाकायचा. एकदम बंद करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण लग्नापुरती बोटांची दुखणी सोसू, असा त्याचा हिशेब. माझा विचार त्यात नव्हता.

आधी अन्नावरची वासना गेली. मग उभं राहिलं की चक्कर. मुलीचा बाप आहे, धास्ती घेतली असेल, असं घरचे म्हणाले. त्यातच ताप भरला, उलट्या सुरू झाल्या. एरवी तापात मी दुप्पट कॉर्टिसॉल पाठवलं असतं. पीयूष ग्रंथीचा निरोप आला, पण अगदी क्षीण. तिचीही सवय मोडली होती. मी उठू पाहिलं. उठवेना.

दवाखान्यात रक्तदाब लागेना. डॉक्टरीणबाईंनी औषधं विचारली. बायकोने पर्समधून ती पट्टी काढली, न चुकता घेतात म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. खरं फक्त त्याला आणि मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नाही.

मुलीने त्याच्या ओठांशी कान नेला. "बाबा, काही सांगायचंय?"

"गोळ्या सोडल्यात. कोटापायी. आईला सांगू नकोस."

आई शेजारीच उभी होती. मुलीने वळून डॉक्टरीणबाईंना सांगितलं. लगेच शिरेतून इंजेक्शन गेलं. तो वाचला. लग्न मात्र त्याच्याशिवाय झालं. त्यानेच पुढे ढकलू दिलं नाही.

आता गोळ्या पुन्हा चालू आहेत. पुढे त्या तिळातिळाने कमी करतील, म्हणजे मला जाग येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. येईलही. मला खात्री देववत नाही. तुमच्यापैकी कुणी अशा गोळ्या घेत असेल, तर सोडण्याआधी डॉक्टरांना विचारा. आत निजलेल्यांना एकदम उठता येत नाही.

बायको रोज गोळी हातावर ठेवते आणि तो गिळेपर्यंत समोरून हलत नाही. मग म्हणते, "तोंड उघडा." तो मुकाट्याने उघडतो. ती वाकून आत पाहते. मी तिथून फार खोल आहे.